छप्पन्नात एक

ओव्हिदच्या डोक्यावर केस असे फारसे नव्हतेच. कानांच्या वर एक झालर होती, तेवढीच. तरी तो दर पंधरवड्याला ब्लांदीनकडे केस कापायला जायचा, आणि ब्लांदीनही त्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधून, एखादं जंगल साफ करायला घेतल्याच्या थाटात अर्धा तास त्याच्याभोवती कात्री वाजवत फिरायची. तिचा नवरा गेला त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यापासून हे चाललं होतं. म्हणजे दहा वर्षं. हा माणूस तिथे केसांसाठी जात नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. ठाऊक नसल्याचा आव आणणारा एकटा ओव्हिद.

मी त्याची शाळेतली बाई. आमच्या नदीकाठच्या गावात मी एवढी वर्षं गणित शिकवलं, की आज चर्चमध्ये उभी राहिले तर आजूबाजूच्या निम्म्या लोकांचे कान मी कधी ना कधी पिळलेले असतात. ओव्हिद माझ्या पहिल्या वर्गातला. बेरीज-वजाबाकीत पक्का, पण उत्तर पाटीवर लिहून वर हाताने झाकून बसायचा. विचारलं तर म्हणायचा, "बाई, जर चुकलं असेल तर?" मोठा होऊन गावातला बर्फ काढायच्या गाडीवर लागला. उजाडायच्या आत सगळे रस्ते मोकळे करतो, आणि सगळ्यात आधी मोकळी होते ब्लांदीनच्या दाराची वाट. पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. त्याच्या जिभेवर तो "जर" अजून तसाच बसलेला होता.

त्या वर्षी नवं वर्ष लागलं आणि ब्लांदीनने सांगून टाकलं, की महिनाअखेर ती मुलीकडे विनिपेगला चालली. कायमची. मुलीने तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. इथलं घर भाड्याने द्यायचं, आरसा आणि खुर्ची विकायची. हे सगळं तिने हसत सांगितलं, पण हसता हसता सारखी खिडकीबाहेर बघत होती. खिडकीबाहेर बर्फाची गाडी उभी होती.

दोन दिवसांनी ओव्हिद माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. टोपी गुडघ्यावर, डोळे टोपीवर. मी कॉफी ठेवली, मेपलचा पाक घातलेला केकचा तुकडा ठेवला, हवेच्या गप्पा मारल्या. शेवटी म्हणाला, त्याला एक गणित विचारायचंय.

रविवारी बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचा सण होता. दरवर्षीसारखी फेर्नांदच्या घरी पंगत. फेर्नांद ही माझी बालमैत्रीण आणि ब्लांदीनची नणंद. परातीएवढा केक भाजते, मधोमध बदामांची रेघ ओढते. रेघेच्या एका बाजूचा अर्धा भाग पुरुषांचा, दुसऱ्या बाजूचा बायकांचा. पुरुषांच्या भागात घेवड्याचा एक दाणा दडवलेला, बायकांच्या भागात एक वाटाणा. घेवडा ज्याला मिळेल तो दिवसभराचा राजा, वाटाणा जिला मिळेल ती राणी. राजाला हक्क असा, की सगळ्यांसमोर राणीला एक गोष्ट विचारायची, आणि राणीने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. "बघू" नाही, "विचार करून सांगते" नाही. त्या हक्काच्या बदल्यात फेब्रुवारीत राजाने सगळ्या पंगतीला पॅनकेक घालायचे. त्यामुळे आमच्याकडचे चिक्कू लोक घेवडा गुपचूप गिळण्यात तरबेज आहेत. फेर्नांदचा नवरा तेओद्यूल तर आयुष्यात एकदाही राजा झालेला नाही.

ओव्हिदने मनाशी ठरवलं होतं, की त्याला घेवडा आला आणि ब्लांदीनला वाटाणा आला, तर विचारायचं. नाहीतर देवाची इच्छा नाही असं समजायचं.

"मग बाई, याची शक्यता किती?"

मला आधी त्याचा कान पिळावासा वाटला. पण विद्यार्थी साठीला टेकला तरी त्याने गणित विचारलं की माझा जीव सुखावतो. माझ्या टेबलावर चौकटीचं मेणकापड आहे. त्यावर मी बोटाने दाखवलं. पंगतीला पुरुष सात, म्हणून आडवे सात चौकोन घे. बायका आठ, म्हणून उभे आठ. आडव्या सातांपैकी घेवडा कुणाच्याही वाट्याला येईल, उभ्या आठांपैकी वाटाणा कुणाच्याही. प्रत्येक चौकोन म्हणजे एक राजा आणि एक राणी. मोज किती झाले ते.

त्याने खरंच एकेक चौकोन बोटाने मोजला. मी थांबवलं नाही. छप्पन्न झाले.

"आणि त्यातला तुझा किती?"

त्याने एका चौकोनावर साखरेचा खडा ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसला.

"सातात एक गुणिले आठात एक," मी म्हटलं. "गुणायचं का, तर बायकांच्या भागातला वाटाणा पुरुषांच्या भागात काय चाललंय हे विचारायला येत नाही. घेवड्याला वाटाण्याचा पत्ता नाही, वाटाण्याला घेवड्याचा नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी दोन्ही हव्या असल्या, की दोघींच्या शक्यता गुणायच्या. आणि एकाहून लहान संख्या गुणत गेलास तर उत्तर काय होतं? वाढतं?"

"लहान होतं."

"मग?"

तेवढ्याने समाधान होईल तर तो ओव्हिद कसला. म्हणाला, शिवाय रविवारी जर वादळ झालं तर त्याला गाडी घेऊन जावं लागेल, पंगत हुकेल. रेडिओवर निम्मी शक्यता सांगितली होती. मी म्हटलं, कर मग आणखी निम्मे, एकशे बारात एक. त्यावर म्हणाला, आणि वाटाणा मिळाल्यावर जर ती हसली नाही, तर विचारण्यात अर्थ नाही. मी सांगितलं, की हसणं असं सरळ गुणता येणार नाही. ज्या बाईला वाटाणा मिळतो ती बहुतेक हसतेच, तेव्हा या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत, स्वतंत्र नाहीत. तो खूश झाला. त्याला वाटलं, तेवढी एक अट फुकटात पडली.

मग मात्र माझा पारा चढला.

"ओव्हिद, तू दहा वर्षं हेच करतोयस. तिचं सुतक संपलं तर. मुलगी लग्न होऊन गेली तर. बर्फ वितळला तर. एकेक 'जर' म्हणजे एकेक अपूर्णांक, आणि तू त्यांचा गुणाकार करत बसलायस. अशाने तुझी शक्यता तांदळाच्या कणीएवढी झालीये. सण वर्षातून एकदा येतो. छप्पन्नात एक म्हणजे काय ते कळतं ना? आणि ती या महिन्यात चाललीये."

त्याने टोपी घातली. दारापाशी जाऊन म्हणाला, "बाई, मला असं नुसतं विचारता येत नाही. राजा असलो तर येईल." आणि गेला. साखरेचा खडा टेबलावरच राहिला. मी रागाने तो तोंडात टाकला.

मला लबाडीचा मनस्वी तिटकारा आहे. तेव्हा त्याच दुपारी मी कोट चढवून फेर्नांदकडे लबाडी करायला गेले.

फेर्नांद पीठ चाळत होती. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, की घेवडा कुठे आहे ते तुला माहीत असतंच, तेवढा तुकडा ओव्हिदला दे. तर ही बाई अशी काही फुगली, की जणू मी चर्चची दानपेटी फोडायला सांगितली. तिच्या आईने असा केक केला, आजीने केला, आणि तिन्ही पिढ्यांत कुणी डोळे उघडे ठेवून तुकडे वाटले नाहीत. ती डोळे मिटून ताटल्या देते आणि तशाच देणार. मी म्हटलं, तुझी भावजय गाव सोडून चाललीये. ती म्हणाली, "आल्फोन्सिन, मला ते तुझ्याआधी कळलंय. पण केक म्हणजे केक." आणि चाळणी अशी आपटली, की मी बाहेर पडेपर्यंत कोट पांढरा झाला.

शनिवारी रात्रभर बर्फ पडला, पण रविवारी सकाळी आकाश निवळलं. ओव्हिदचा एक अपूर्णांक तरी देवाने मोडीत काढला. चर्च सुटल्यावर सगळे फेर्नांदकडे जमले. ब्लांदीनने निळा झगा घातला होता. केस बांधलेले, आणि ओठांना लावलेला रंग दोनदा पुसून पुन्हा लावल्यासारखा. ओव्हिद दाढी इतकी घासून आला होता, की हनुवटी लाल झाली होती. दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसले.

मी स्वयंपाकघरात मदतीला गेले तर फेर्नांदने दार लोटलं आणि माझा दंड धरला.

"ऐक. मी सात घातलेत."

"काय सात?"

"घेवडे. सात तुकडे, सात घेवडे. डोळे मिटूनच वाटणार. केकशी बेइमानी नाही केली मी. पण ओव्हिदला आता घेवडा आल्याशिवाय राहत नाही."

बाकीच्या सहाजणांचं काय, मी विचारलं. तर तिने त्यांतल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून बजावलं होतं, की घेवडा तुझ्या दाताखाली आला तर चकार शब्द न काढता गिळून टाक, यंदा तो ओव्हिदसाठी आहे. प्रत्येकाला वाटत होतं, घेवडा एकच आहे आणि हे गुपित त्याला एकट्याला सांगितलंय. गिळायची सवय तर होतीच.

मला कबूल करावं लागेल, की योजना झकास होती. मी तिचा मुका घेणार होते. एवढ्यात मला सुचलं.

"आणि वाटाणे किती घातलेस?"

"वाटाणा एकच. बायकांच्या भागात कशाला काय करायचं?"

"फेर्नांद, अगं, काम निम्मंच केलंस तू. ओव्हिदला घेवडा येणार हे आता नक्की, म्हणजे एक. त्याला गुणायचं कशाने? आठात एकने. उत्तर किती?"

तिचे ओठ हलले. "आठात एक."

"आठात सात वेळा तो राजा होणार आणि राणी दुसरीच कुणीतरी. आणि त्याच्या डोक्यात बसणार, की देवाने अर्धं दिलं आणि अर्धं मुद्दाम काढून घेतलं. तू त्याला नवरदेव करून मांडवात उभा केलास, पण नवरी आणायची विसरलीस."

फेर्नांद खुर्चीवर बसली. म्हणाली, शाळेतसुद्धा तिला गुणाकार कधी जमला नव्हता. केक भाजून तयार, वरून साखर ओतून घट्ट झालेली, आता त्यात काही खुपसणं शक्य नव्हतं. बाहेरून तेओद्यूल ओरडत होता, की खिमा भरलेली तुर्तियेर संपून ताटल्या चाटून झाल्या, केक विनिपेगहून येतोय का. त्या शब्दावर बाहेर सगळे एकदम गप्प झाल्याचंही आम्हाला ऐकू आलं.

केक आला. फेर्नांदने डोळे मिटले, आणि तिचे ओठ प्रार्थना करत होते हे मला दिसलं. ताटल्या फिरल्या. आमच्याकडे पहिला घास सगळे एकदम घेतात आणि दातांनी नाही, जिभेने चाचपत खातात. पंधरा माणसं, आणि घड्याळाशिवाय आवाज नाही.

मी पुरुषांकडे बघत होते. आधी तेओद्यूल थांबला. डोळे मोठे झाले, मग घशाची घाटी वरखाली झाली, आणि कर्तव्य बजावल्याच्या तोऱ्यात त्याने मिशा पुसल्या. मग त्याच्या शेजारचा थांबला, गिळला, छताकडे बघू लागला. मग त्याच्या समोरचा. एकामागून एक सहाही गळे खाली-वर झाले, आणि प्रत्येकजण ओव्हिदकडे अशा कळवळ्याने बघायला लागला, की बिचाऱ्या, तुझा घेवडा माझ्याकडे आला, काय करणार. मला हसू आवरेना म्हणून मी मोठा घास तोंडात घातला.

आणि माझ्या दाढेखाली वाटाणा आला.

सत्तरीची मी. आयुष्यात कधी राणी झाले नाही, आणि झाले ती या दिवशी. मला असा राग आला म्हणून सांगू. फेर्नांदचा, केकचा, त्या आठाचा, सगळ्यांचा. वाटाणा जिभेवर धरून मी तशीच बसले. मनात म्हटलं, आता ओव्हिद उठणार, "मी राजा" म्हणणार, आणि मलाच विचारणार, की बाई, आता काय करू.

तेवढ्यात टेबलाच्या त्या टोकाकडून टण्ण असा आवाज झाला.

"वाटाणा माझ्याकडे आहे," ब्लांदीन म्हणाली. गालांवर लाली चढलेली, आणि तिच्या ताटलीत एक वाटाणा अजून गोल गोल फिरत होता.

केकमध्ये तासभर भाजलेला वाटाणा मऊ असतो, त्याला पीठ चिकटलेलं असतं. तो टणटणत नाही. टणटणतो तो बरणीतला कोरडा. माझ्या तोंडातला मऊ होता. मी क्षणभरच विचार केला, आणि गावातल्या चिक्कू पुरुषांनी जन्मभर जे केलं ते केलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कागदी मुकुट ब्लांदीनच्या डोक्यावर चढला. ती हसली. तीही अट पुरी झाली. आता राजा कोण, राजा कोण म्हणून पंगत टेबल बडवायला लागली. मी ओव्हिदकडे बघितलं. त्याच्या ताटलीत एक कणही उरला नव्हता. तो भिंतीसारखा पांढरा झाला होता.

टेबल बडवणं हळूहळू थांबलं. सातही पुरुष मूग गिळून बसलेले. ब्लांदीन एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू ओठांच्या कोपऱ्यापासून विरायला लागलं. शेवटी तेओद्यूल घसा खाकरून म्हणाला, की या वर्षी बहुधा घेवडा पडायचाच राहून गेला, होतं असं कधी कधी.

केकची बदनामी फेर्नांदला सहन झाली नाही.

"राहून गेला?" ती उभी राहिली. "सात घातलेत मी. माझ्या हाताने. प्रत्येकाच्या तुकड्यात एक. सहा कुठे गेले ते मला माहितीये. सातवा कुठंय?"

सहाजणांनी एकमेकांकडे बघितलं. तेओद्यूल म्हणाला, "सात? म्हणजे तूही गिळलास?" त्याचा शेजारी म्हणाला, मला वाटलं मी एकटाच. मग एकच गलका झाला, जो तो दुसऱ्याला आपल्या त्यागाचं सांगतोय. त्या गलक्यातून हळूहळू सगळे डोळे एका माणसावर जाऊन टेकले, कारण उरलेला तो एकच होता.

ओव्हिद टेबलाकडे बघत म्हणाला, "गिळला."

दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं. मला डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. छप्पन्नातला एक चौकोन, त्याच्यासाठी अर्ध्या गावाने जीव टाकला, तो दातांखाली आल्यावर याने गिळून टाकला.

"का?" हे ब्लांदीनने विचारलं.

"घेवडा लागला आणि तेवढ्यात तुम्ही म्हणालात, वाटाणा माझ्याकडे." तो थांबत थांबत बोलत होता. "दोन्ही झालं. मग काही कारणच उरलं नाही न विचारायला. मी घाबरलो. आपोआप गेला तो खाली."

तेओद्यूल म्हणाला, हरकत नाही, पोटात का असेना, घेवडा मिळाला म्हणजे हाच राजा. दुसरा म्हणाला, मग पोटात आमच्याही आहे, आम्हीही राजे. आता सात राजांमध्ये चिठ्ठ्या टाकायच्या का, यावर वाद सुरू होणार, एवढ्यात ओव्हिद उभा राहिला. त्याला असा उभा राहिलेला मी वर्गातसुद्धा कधी पाहिला नव्हता.

"मी राजा नाही," तो म्हणाला. "घेवडा सगळ्यांनाच होता, म्हणजे मला मिळाला असं नाहीच. तेव्हा राजा म्हणून विचारत नाही, आणि तुम्ही लगेच उत्तर द्यायला हवं असंही नाही. ब्लांदीन, विनिपेगला जाऊ नका. माझ्याशी लग्न करा."

त्या वाक्यात एकही "जर" नव्हता. मी ते बाई म्हणून टिपलं आणि मग मला पुढचं धड दिसेना, डोळे भरून आले होते.

ब्लांदीनने कागदी मुकुट काढला आणि ताटलीशेजारी ठेवला.

"राजा नसेल तर मीही राणी नाही," ती म्हणाली. "हा वाटाणा माझ्या घरचा आहे. सूपच्या बरणीतला. सकाळी रुमालात बांधून आणला."

मग फेर्नांदला तिचा केक आठवला. तिने विचारलं, की असं असेल तर तिचा वाटाणा कुठे आहे. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आता गप्प बसणं मला शोभलं नसतं.

"मी गिळला," मी म्हटलं.

तेओद्यूल एवढा हसला, की त्याला पाठीत गुद्दे घालावे लागले. गणिताची बाई, तीसुद्धा, असं तो म्हणत होता आणि डोळे पुसत होता. फेर्नांद हसत होती की रडत होती ते तिलाच माहीत. मी मात्र मान ताठ ठेवली. पंधरा माणसांच्या केकमध्ये बाहेर दिसायला एकच दाणा, आणि तो केकमध्ये नव्हताच. असा हिशोब मी कुठल्याही वर्गात शिकवलेला नव्हता.

या गोंधळात ओव्हिद अजून उभाच होता. त्याला कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. हळूहळू ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

ब्लांदीन म्हणाली, "म्हणजे मी विचार करायला वेळ घेऊ शकते."

"हो," ओव्हिद म्हणाला. "हवा तेवढा."

"दहा वर्षं दुसरं केलंय काय मी? तुमच्या त्या टकलावर कात्री फिरवता फिरवता? एकदा तोंड उघडायला काय धाड भरली होती तुम्हाला?" तिने नाक पुसलं आणि वहिनीच्या हक्काने फेर्नांदला म्हणाली, "फोन कुठंय तुमचा? लेकीला सांगते, ती खोली नातवाला दे म्हणून."

मग जे झालं ते सांगायला शब्द कमी पडतात. तेओद्यूलने फिडल काढलं, कुणी टेबल भिंतीकडे सरकवलं, सात राजांनी एकदम पेले उचलले आणि प्रत्येक पेल्याला "राजा प्यायला" म्हणून ओरडा झाला. फेर्नांदने जाहीर केलं, की सातही जणांनी फेब्रुवारीत पॅनकेक घालायचे, आणि चिक्कूतल्या चिक्कूनेही हू की चू केलं नाही. मला इतका आनंद झाला होता, की मी तेओद्यूलच्या शेजाऱ्याबरोबर नाचले. तो चौथीत भागाकारात दोनदा नापास झालेला. पायाने ठेका मात्र बरोबर धरत होता.

ओव्हिदला मात्र आनंदाचं काय करायचं ते कळत नव्हतं. लोक येऊन पाठीवर थापा मारत होते, तो लाल होत होता आणि हात कुठे ठेवावेत ते सुचत नव्हतं. ब्लांदीन फोनवर बोलून परत आली, तसा तो घाईघाईने टोपी शोधायला लागला.

"अंगणात बर्फ साचलाय पुन्हा," तो म्हणाला. "जाऊन काढतो जरा."

"बसा," ब्लांदीन म्हणाली.

आणि तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.